घटक ४ : मालिका, प्रेक्षक आणि प्रतिसाद

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• मालिकेचा अर्थ घडविण्यात प्रेक्षकाचा वाटा कोणता असतो, हे सांगता येईल.
• प्रेक्षक-प्रतिसादाचे प्रकार उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
• चाहत्यांच्या सामूहिक प्रतिसादाचे सामर्थ्य व मर्यादा यांची चर्चा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण दूरदर्शन मालिकेच्या संहितेचा विचार केला. आता आपण पडद्यासमोर बसणाऱ्या प्रेक्षकाकडे वळू. मालिकांविषयी बोलताना सुशिक्षित माणूस पुष्कळदा दोन वाक्ये एका दमात बोलतो : 'त्यात काही अर्थ नसतो' आणि 'कालचा भाग माझा राहिला, काय झाले?' ही विसंगती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जे आपण रोज आवडीने पाहतो त्याची आपल्याला लाज का वाटावी, हा समीक्षेचाच प्रश्न आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ निर्मात्याचा हेतू आणि प्रेक्षकाचा अर्थ

'हम लोग' ही भारतीय दूरदर्शनवरील पहिली दीर्घ मालिका. ७ जुलै १९८४ रोजी ती सुरू झाली आणि डिसेंबर १९८५ मध्ये संपली. मनोरंजनातून लोकशिक्षण करणाऱ्या मेक्सिकोतील मालिकांचा आदर्श तिच्यापुढे होता. त्या मालिका पाहून वसंत साठे यांनी ही कल्पना भारतात आणली. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे होते. प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत व घडलेल्या प्रसंगाचे तात्पर्य सांगत. म्हणजे अर्थ कोणता घ्यावा, हेही निर्मात्यांनी सांगून ठेवले होते.

तरीही सर्व प्रेक्षकांनी तो अर्थ घेतला नाही. या कुटुंबातील आई भागवंती निमूटपणे सोसणारी आहे. स्वतःला पुसून टाकणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला काय येते, हे तिच्याद्वारे दाखवावयाचे होते. थोरली मुलगी बडकी मात्र स्वतःच्या पायांवर उभी राहू पाहणारी. अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स यांनी या मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की, अनेकांना अनुकरणीय वाटली ती भागवंती, आणि त्यांत स्त्रियाही होत्या.

याला केवळ अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु थोडे थांबून विचार करा. जिचे आयुष्य भागवंतीसारखेच गेले आहे, तिने भागवंतीला 'फसलेली स्त्री' ठरविले, तर त्याच न्यायाने तिला स्वतःचे आयुष्यही फसलेले मानावे लागेल. त्यापेक्षा भागवंतीच्या सोशिकतेत ती आपल्या कष्टांचा मान शोधते. प्रतिसादाच्या मुळाशी असे जगणे असू शकते.

ब्रिटिश अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात तीन प्रकारची वाचने सांगितली. निर्मात्याला अभिप्रेत अर्थ जसाच्या तसा घेणे, हे पहिले. तो सर्वसाधारणपणे मान्य करून स्वतःच्या अनुभवानुसार त्याला मुरड घालणे, हे दुसरे. तो ओळखूनही नाकारणे व वेगळ्या चौकटीतून अर्थ लावणे, हे तिसरे, म्हणजे विरोधी वाचन. भागवंतीला आदर्श मानणारा प्रेक्षक निर्मात्याचा संदेश समजूनही नाकारत असेल, तर त्याचे वाचन विरोधी ठरते. पण ते रूढीला धरूनच आहे. म्हणून विरोधी वाचन नेहमी पुरोगामीच असते, असे समजू नये.

४.३.२ भावनिक वास्तव

'हे खऱ्या आयुष्यात घडत नाही' हा मालिकांवरील नेहमीचा आक्षेप. या संदर्भात इएन आंग यांचा अभ्यास महत्त्वाचा आहे. 'डॅलस' ही अमेरिकेतील धनाढ्य तेलव्यावसायिक कुटुंबाची मालिका नेदरलँड्समध्येही लोकप्रिय होती. आंग यांनी एका डच महिला-नियतकालिकात छोटी जाहिरात देऊन ती का आवडते किंवा आवडत नाही, असे वाचकांना विचारले. त्यांना ४२ पत्रे आली. काहींना मालिकेचा तिटकारा होता, काही ती थट्टेने पाहत, तर काही मनापासून.

मनापासून पाहणाऱ्यांनाही ते वैभव आपले नव्हे, हे ठाऊक होते. तरी त्यांना मालिका खरी वाटे. कारण मत्सर, एकटेपणा, आशा आणि पुन्हा अपेक्षाभंग यांची ओळख त्यांना पटत होती. आंग यांनी यास 'भावनिक वास्तव' म्हटले. शिवाय मालिका आवडणाऱ्यांना आपल्या आवडीचे समर्थन करावे लागत होते. नावडणाऱ्यांना मात्र 'हे सवंग आहे' एवढे म्हणणे पुरे होई. प्रास्ताविकात पाहिलेल्या संकोचाचे मूळ येथे सापडते.

४.३.३ चाहत्यांचा समुदाय

प्रतिसाद एकट्याचा राहत नाही. 'हम लोग'च्या काळात प्रेक्षकांची सुमारे ४ लाख पत्रे आली. त्यांत बडकीने लग्नाचा निर्णय घ्यावा, असा सल्ला देणारीही होती. पुढे 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेत मिहिरचा मृत्यू दाखविताच प्रेक्षकांनी इतकी हळहळ व नाराजी व्यक्त केली की, त्याला परत आणावे लागले.

मराठीत 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३–२०१६) हे उदाहरण पाहावे. जान्हवीचे गरोदरपण लांबत गेले, तसे त्यावरील विनोद भ्रमणध्वनीवरून घरोघरी पोहोचले. हा विनोद कळण्यासाठी मालिका माहीत असावी लागते. म्हणजे थट्टा हीसुद्धा निष्ठेशेजारीच राहते. कथानक रेंगाळते आहे, ही समीक्षा येथे प्रेक्षकांनी विनोदाच्या भाषेत केली.

मात्र या सामर्थ्याला मर्यादा आहेत. चाहते मृत पात्र परत आणवितात, तेव्हा कथेची अपरिहार्यता बाधित होते. भूमिका आणि नट यांतील अंतर विसरले की, खलनायिका साकारणाऱ्या कलावतीला प्रत्यक्षात बोल ऐकावे लागतात. शिवाय ज्याचा आवाज मोठा, त्याचाच प्रतिसाद नोंदला जातो. स्वयंपाक करता करता ऐकणारी स्त्री कोणत्याच चर्चेत नसते.

४.४ सारांश

मालिकेचा अर्थ संहितेत पूर्णपणे बंदिस्त नसतो; तो प्रेक्षकाच्या अनुभवाशी भिडून घडतो. म्हणून प्रतिसाद बरोबर की चूक, हे ठरविण्यापूर्वी तो कोणत्या जगण्यातून आला, हे पाहावे. याचा अर्थ सर्व प्रतिसाद सारखेच मोलाचे, असा नव्हे; समजून घेणे ही मूल्यमापनाची पहिली पायरी होय.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. भागवंतीविषयीच्या प्रतिसादास 'विरोधी वाचन' म्हणता येईल काय? सकारण लिहा.
२. 'भावनिक वास्तव' ही संकल्पना आपल्या परिचयाच्या मराठी मालिकेच्या आधारे स्पष्ट करा.

४.६ उपक्रम

आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीसोबत मालिकेचा एक भाग पाहा. नंतर तिला कोणते पात्र जवळचे वाटते व का, हे विचारा. आपले मत आधी सांगू नका. तिचे बोलणे तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि मगच स्वतःच्या प्रतिसादाशी त्याची तुलना करा.