ज्वालामुखीच्या माथ्यावरील सूर्योदय : साठीनंतर जावे की न जावे?

बाली बेटाच्या सहलीची कार्यक्रमपत्रिका हाती आली, की तिच्यात बहुधा एक ओळ आढळते : ‘पहाटे बातूर पर्वतावर सूर्योदयदर्शन (ऐच्छिक)’. कंसातील या एका शब्दावरून घरात दोन तट पडतात. मुले म्हणतात, “बाबा, तुम्ही आणि आई हॉटेलातच विश्रांती घ्या.” बाबांना वाटते, तरुणपणी इतके गड चढलो, आता जागृत ज्वालामुखीच्या पायथ्यापर्यंत जाऊन तसेच परतायचे? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र हा निर्णय केवळ वयाच्या आकड्यावर किंवा हौसेवर सोडता येत नाही. चढणीचे स्वरूप आणि आपल्या शरीराची तयारी समोरासमोर ठेवूनच तो घ्यावा लागतो.

पर्वताची ओळख

बातूरची उंची समुद्रसपाटीपासून १७१७ मीटर आहे. प्राचीन महाउद्रेकांनंतर जमीन खचून येथे एक विशाल खळगा निर्माण झाला. त्या खळग्यातच आजचा बातूर उभा असून त्याच्या पायथ्याशी बालीतील सर्वांत मोठे सरोवर पसरले आहे. १९२६ च्या उद्रेकात लाव्हारसाने बातूर हे गाव गिळंकृत केले. ग्रामस्थांनी खळग्याच्या उंच कडेवर नवे गाव वसविले आणि सरोवरदेवतेचे मंदिरही तेथे पुन्हा उभारले. निरभ्र पहाटे माथ्यावरून आगुंग पर्वत आणि त्याही पलीकडे लोंबोक बेटावरील रिंजानीचे शिखर दिसते. जमिनीतून निघणाऱ्या वाफेवर वाटाडे अंडी व केळी शिजवून देतात.

आपला सह्याद्रीही लाव्हारसाचाच. परंतु तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थरावर थर साचून घट्ट झालेला कातळ आहे. बातूरचा माथा त्या मानाने अगदी कोवळा. शेवटच्या टप्प्यात पायांखाली सैल राख व खडी असते. पाऊल पुढे टाकावे आणि ते अर्धे मागे घसरावे, असा अनुभव येतो. त्यामुळे गडावरच्या पायऱ्यांची सवय येथे पुरेशी ठरत नाही.

पहाटेचे शरीर

उबूडसारख्या गावातून मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास गाडी निघते. चारच्या आसपास चढण सुरू होते आणि सुमारे सहाशे ते सातशे मीटरची उंची साधारण दोन तासांत गाठली जाते. बालीचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे; तेथील पहाटेचे दोन म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. नुकत्याच पोहोचलेल्या प्रवाशाची झोप त्या दिवशी जवळजवळ होतच नाही. म्हणून ही चढण सहलीच्या तिसऱ्या दिवसानंतर ठेवावी आणि आदल्या दिवशी दुपारी विश्रांती घ्यावी.

पहाटेपासून सकाळपर्यंतच्या काळात रक्तदाब स्वाभाविकपणे वाढत असतो आणि हृदयविकाराचे झटके येण्याचे प्रमाणही या वेळी अधिक असते. त्यात गारवा, अपुरी झोप आणि एकाएकी श्रम यांची भर पडते. यास्तव गाडीतून उतरताच चढू लागू नये. दहा मिनिटे सपाटीवर चालून अंग मोकळे करावे. चढताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल, एवढाच वेग ठेवावा. दम लागून वाक्य तुटू लागले, की थांबावे.

औषधांचे वेळापत्रक

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चढू नये. घामाघूम होणे, हात थरथरणे, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे अंधारात ‘थकवा’ म्हणून दुर्लक्षिली जातात. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर असावीच. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांमुळे शरीरातील पाणी कमी होते. हृदयाची गती मंदावणारी काही औषधे घेणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर पडून डोक्याला लागलेला साधा मारही गंभीर समजावा. औषधांच्या वेळा व मात्रा कशा ठेवाव्यात, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे; स्वतः बदल करू नयेत.

छातीत दुखण्याचा त्रास, अलीकडे आलेला हृदयविकाराचा झटका, आटोक्यात नसलेला रक्तदाब, दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार, वारंवार चक्कर येणे यांपैकी काही असल्यास ही चढण टाळणेच श्रेयस्कर. ज्वालामुखीच्या विवरांतून निघणारे गंधकयुक्त वायू श्वासनलिका आकुंचित करू शकतात. साधा कापडी मुखपट्टा त्यांना अडवू शकत नाही.

खरी परीक्षा उतरणीची

चढताना फुप्फुसांची परीक्षा होते, उतरताना गुडघ्यांची. उतारावर प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार गुडघ्यावर येतो आणि तो पेलणारे मांडीचे स्नायू एव्हाना थकलेले असतात. दोन्ही हातांत काठ्या घेतल्यास हा भार हलका होतो. पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत. बुटांचे तळवे खोल खाचांचे असावेत. वयानुसार डोळ्यांना अंधाराशी जुळवून घेण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून डोक्याला बांधावयाचा दिवा प्रत्येकाचा स्वतंत्र असावा.

माथ्यावर माकडे असतात. बालीत २००८ पासून रेबीजचा प्रादुर्भाव आहे. त्यामुळे माकडांना खाऊ देऊ नये, हातात पिशवी लोंबकळत ठेवू नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तीन महिन्यांची तयारी

पहिल्या महिन्यात रोज अर्धा ते पाऊण तास सपाटीवर चालावे. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून तीन दिवस जिने किंवा टेकडी चढावी. पुणेकरांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या त्यासाठी उत्तम. खुर्चीतून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे व बसणे या साध्या व्यायामाने मांडीचे स्नायू बळकट होतात. तिसऱ्या महिन्यात नेहमीचेच बूट व पाठपिशवी घेऊन सलग दोन तास चढ-उतार करून पाहावा. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले किंवा छातीत जडपणा वाटला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

प्रवासविमा घेताना जुने आजार आणि डोंगरचढाई यांना संरक्षण आहे का, हे नीट वाचावे. इंडोनेशियात ज्वालामुखींसाठी धोक्याच्या चार पातळ्या जाहीर केल्या जातात. त्या आठवड्यातील पातळी तपासून, स्थानिक वाटाड्यासोबतच जावे. कोरडा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतो.

न चढताही सूर्योदय

चढणे शक्य नसेल, तर पनलोकान येथे खळग्याच्या कडेपर्यंत गाडी जाते. शाल पांघरून, गरम चहा घेत समोरचा बातूर, सरोवर आणि उगवता सूर्य एकाच दृष्टिक्षेपात पाहता येतो. जावा बेटावरील ब्रोमो हा दुसरा पर्याय. तेथे जीपने पनंजाकान या सुमारे २७७० मीटर उंचीच्या ठिकाणी जाऊन सूर्योदय पाहतात आणि मग विवराच्या काठापर्यंत अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढतात. श्रम कमी असले, तरी थंडी कडाक्याची असते आणि उंचीमुळे डोके दुखणे, मळमळणे असा त्रास होऊ शकतो. त्याकडे डोळेझाक करू नये.

सोबत्यांसाठी

ज्येष्ठांना परस्पर ‘तुम्ही नको’ म्हणू नये. तयारीच्या तीन महिन्यांत त्यांच्यासोबत चालावे. म्हणजे नकार द्यावा लागला, तरी तो दोघांनी मिळून दिलेला असेल. चढणीच्या आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी ठरवाव्यात : कोणत्या लक्षणावर थांबायचे आणि परत फिरावे लागल्यास त्यांच्यासोबत कोण येईल. सोबत येणाऱ्याचे नाव आधीच ठरलेले असले, की ज्येष्ठ मंडळी ‘सगळ्यांचा आनंद बिघडेल’ या संकोचापायी छातीतील दुखणे लपवीत नाहीत. वाटेत मध्यावरूनही पूर्वेकडचे आकाश उजळताना दिसते. तेथे एका दगडावर टेकून, पाणी पीत पाहिलेला सूर्योदयही त्याच पर्वतावरचा असतो.