गाजर गवताचे दोन आजार आणि ॲलर्जीची लस



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सानंतर दोघे जण एकाच प्रश्नासाठी माझ्याकडे आले. एक तरुण भगिनी. तुरीच्या खुरपणीला गेली की तिला शिंकांवर शिंका येतात, डोळे चुरचुरतात, रात्री छाती घरघरते. दुसरे साठीच्या घरातले काका. त्यांचा चेहरा, मान व कोपराच्या आतील बाजू काळवंडून जाड झालेली, आणि खाजेमुळे झोप नाही. दोघांचा शत्रू एकच, बांधावरचे गाजर गवत. भगिनीला कोणीतरी सांगितले होते की शहरात ॲलर्जीची लस मिळते. काकांनी मात्र ती वर्षभर टोचून घेतली होती, त्यासाठी एक गोऱ्हा विकला होता, आणि गुण काही आला नव्हता. ते म्हणाले, "फादर, हिला सांगा, पैसे घालवू नको."

काकांचा अनुभव खरा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. एकाच गवताचे हे दोन अगदी निराळे आजार आहेत आणि लस त्यांपैकी एकावरच चालते. हे त्यांना आधी कोणी समजावले असते तर गोऱ्हा गोठ्यातच राहिला असता.

आपल्याकडे 'वावडे' हा जुना शब्द आहे. एखाद्याला वांग्याचे वावडे, एखाद्याला धुळीचे. जी वस्तू दहा जणांना काही करीत नाही, तिला अकराव्याचे शरीर शत्रू समजते. याला ॲलर्जी हे नाव १९०६ साली व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दिले. (हे गृहस्थ वैद्यकाकडे वळण्यापूर्वी ईशज्ञान शिकत होते, हे वाचून मला उगीचच बरे वाटले.)

आता भगिनीचा आजार पाहू. गवत फुलले की त्याचे सूक्ष्म परागकण वाऱ्यावर उडून नाकात जातात. तिच्या शरीराने त्यांच्याविरुद्ध एक विशिष्ट प्रतिपिंड तयार केलेले असते. हे प्रतिपिंड नाकातील व श्वासनलिकेतील काही पेशींवर चिकटून दबा धरून बसते. पराग आला रे आला की त्या पेशी फुटल्यासारख्या होतात व हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर टाकतात. शिंका, पाणी, सूज, दम, सर्व काही मिनिटांत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. पी. व्ही. सुब्बा राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच आजाराचा अभ्यास केला. त्यांची पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत बंगळूरमधील शेकडा ७ लोकांना गाजर गवताच्या परागामुळे नाकाचा त्रास असल्याचे दिसले.

यावरची लस म्हणजे त्याच परागाचा अर्क. देवी किंवा गोवराची लस शरीराला लढायला शिकवते. ही लस उलट, न लढायला शिकवते. बुजरे खोंड जुवाला कसे लावतो, ते आठवा. पहिल्याच दिवशी मानेवर जू टाकले तर ते दावे तोडून पळेल. म्हणून आधी जू नुसते समोर ठेवायचे, मग अंगाला लावायचे, मग थोडा वेळ मानेवर. लसही तशीच देतात. सुरुवातीस अर्क इतका पातळ की शरीर बुजत नाही. मग साधारण आठवड्याला एक याप्रमाणे मात्रा वाढवीत नेतात आणि काही महिन्यांनी ठरलेल्या मात्रेला पोचल्यावर महिन्यातून एकदा टोचतात. एवढ्या काळात शरीर दुसऱ्या जातीची प्रतिपिंडे बनविते. ती परागाला वाटेतच धरतात व दबा धरलेल्या पेशींपर्यंत पोचू देत नाहीत. शिवाय भांडण शमविणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या वाढते. हे सर्व तीन ते पाच वर्षे चालवावे लागते. तीन-चार वर्षे पूर्ण घेणाऱ्यांना लस थांबविल्यावरही काही वर्षे आराम राहतो, असे इंग्लंडमधील एका प्रयोगात १९९९ साली दिसून आले. मधेच सोडणाऱ्याचा पैसा मात्र बहुधा वाया जातो.

या उपचाराची सुरुवात १९११ साली लंडनमध्ये झाली. लिओनार्ड नून या तरुण डॉक्टराने गवताच्या परागाचा अर्क रुग्णांना टोचला आणि गुण किती आला हे पाहण्यासाठी त्याचाच थेंब त्यांच्या डोळ्यांत टाकून पाहिला! त्याची समजूत होती की परागात विष असते. समजूत चुकीची निघाली, उपचार बरोबर निघाला. नून पुढे दोनच वर्षांत क्षयाने वारला, त्याचा सहकारी फ्रीमन याने काम चालू ठेवले. लस खरोखर उपयोगी पडते की नुसता मनाचा विश्वास, याची शिस्तशीर परीक्षा विल्यम फ्रँकलंड यांनी १९५४ साली प्रसिद्ध केली. हे फ्रँकलंड १०८ वर्षे जगून २०२० साली वारले.

आता काकांचा आजार. गाजर गवताच्या पानांत, देठांत, फुलांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते कातडीला वारंवार लागले, किंवा वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्याने अंगावर बसला, की काहींच्या पांढऱ्या पेशी त्याची ओळख धरून ठेवतात. पुढच्या वेळी स्पर्श झाला की एक-दोन दिवसांनी त्या पेशी स्वतःच कातडीवर चालून जातात. येथे प्रतिपिंडाचा संबंध नाही, म्हणून परागाची लस येथे लागू पडत नाही. हे गवत १९५५ साली पुण्यात प्रथम लक्षात आले आणि नंतरच्या दोन दशकांत तेथील डॉक्टरांपुढे असे चेहरे येऊ लागले. रोगी बहुतेक शेतात राबणारे, वयस्क पुरुष.

दोन आजार वेगळे ओळखण्याची सोपी खूण डॉक्टरांच्या तपासणीतच आहे. नाकाच्या व दम्याच्या आजारासाठी हातावर अर्काचा थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात. वीस मिनिटांत गांध उठते. कातडीच्या आजारासाठी पाठीवर औषधाची पट्टी चिकटवतात आणि दोन दिवसांनी काढून पाहतात. काकांची पाठ कोणी पाहिलीच नव्हती. म्हणून लस सुरू करण्यापूर्वी "माझी कोणती तपासणी केली?" हे विचारायला लाजू नका.

कातडीच्या आजारावरही सहनशक्ती शिकविता येईल का? चंडीगडच्या डॉक्टरांनी गाजर गवताचा अर्क वाढत्या मात्रेने तोंडावाटे देऊन पाहिला; तो प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. बऱ्याच रोग्यांना उतार पडला, पण प्रयोग लहान होता आणि तो अजून रोजच्या उपचारात आलेला नाही. हे वाचून कोणी घरी पाला चावून पाहू नये. चेहरा सुजून दवाखाना गाठावा लागेल.

नवीन संशोधन मुख्यतः दोन वाटांनी चालले आहे. पहिली वाट सुईऐवजी गोळीची. जिभेखाली ठेवायची गवत-परागाची गोळी युरोपात २००६ पासून आहे. अमेरिकेत रॅगवीड नावाचे तण आहे, ते आपल्या गाजर गवताचे भावकीतले. त्याच्या परागाच्या गोळीला तेथे २०१४ साली मान्यता मिळाली. या दोन तणांचे पराग शरीराला बरेचसे सारखे वाटतात, हे सुब्बा रावांच्या प्रयोगशाळेनेच दाखविले होते. गाजर गवतासाठी मात्र अशी गोळी अजून नाही. दुसरी वाट अशी की, सबंध पराग न देता त्यातील नेमके प्रथिन शोधायचे आणि त्याचे निरुपद्रवी तुकडे द्यायचे. गाजर गवताचे मुख्य प्रथिन बंगळूरच्याच संशोधकांनी १९९६ साली ओळखले. पण प्रथिन ओळखणे आणि लस बनणे यांत फार अंतर आहे. मांजराच्या ॲलर्जीची अशीच तुकड्यांची लस मोठ्या परीक्षेत २०१६ साली नापास झाली, कारण खोटी लस घेणाऱ्यांनाही जवळजवळ तितकाच आराम वाटला होता.

एक धोका स्पष्ट सांगतो. ज्या वस्तूचे वावडे तीच अंगात घालतो, तेव्हा क्वचित सर्वांगावर गांधी उठून श्वास कोंडतो व रक्तदाब कोसळतो. इंग्लंडमध्ये असे मृत्यू झाले होते म्हणून १९८६ साली सरकारी समितीने कडक नियम घातले. यास्तव ही सुई कंपाउंडरकडून किंवा घरी घेऊ नये. जेथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन तयार आहे अशा दवाखान्यातच घ्यावी, आणि नंतर अर्धा तास तेथेच बसावे, बस चुकली तरी चालेल. त्या दिवशी दमा उसळलेला असेल तर सुई पुढे ढकलावी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे.

भगिनीची हातावरची तपासणी झाली, गांध उठली, आणि लस सुरू होऊन आता आठ महिने झाले. दम कमी आहे, शिंका अजून आहेत. काकांची पाठीवरची पट्टी दोन दिवसांनी लालभडक निघाली. त्यांना चर्मरोगतज्ज्ञांनी मलम व गोळ्या दिल्या आणि गवताला हात लावू नका म्हणून बजावले. बांधाचे काम आता त्यांचा मुलगा करतो. पहिल्या पावसानंतर जमीन ओली असताना, फूल येण्याआधी, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून तो गवत मुळासकट उपटतो, आणि घरी आल्यावर आधी आंघोळ करून कपडे निराळे धुतो. उरलेल्या गवतावर पट्ट्यांचे लहान भुंगेरे पाने खाताना दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकोतून याच कामासाठी १९८३ साली बंगळूरला आणलेले आहेत.