आधी आभार, मग हिशेब
ख्रिस्ती साधनेची ओळख : भाग ६

पौलाने करिंथच्या मंडळीला घातलेली अट आपण गेल्या आठवड्यात पाहिली. प्रभूच्या भाकरीला हात लावण्याआधी माणसाने स्वतःला तपासावे, असे तो सांगतो. पण तपासायचे कसे? या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर मला एका जखमी सैनिकाकडे मिळते.

मे १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून इग्नेशियस लोयोलाचा पाय मोडला. अंथरुणावर पडून असताना त्याने शौर्यकथा मागितल्या. घरात होती ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रे. ती वाचता वाचता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मन सुखावे, पण नंतर कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार मात्र सरल्यावरही समाधान ठेवून जाई. त्याचे आत्मपरीक्षण इथून सुरू झाले.

पुढच्या वर्षी मान्रेसा गावात ते त्याच्या जिवावर उठले. त्याआधी मोन्सेरातच्या मठात तीन दिवस खर्चून त्याने आयुष्यभराची पापे लिहून कबूल केली होती. तरी काहीतरी राहून गेले असेल, ही शंका पाठ सोडेना. तो पुन्हा पुन्हा कबुली देई आणि पुन्हा पुन्हा खचे. आत्महत्येचे विचार येऊ लागले. या रविवारपासून त्या रविवारपर्यंत त्याने अन्नपाणी सोडले. अखेर पापकबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपास मोडायला लावला. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी जुनी पापे पुन्हा एकामागून एक आठवू लागली. तेव्हा त्याने ठरवले, मागची पापे आता पुन्हा उकरायची नाहीत.

या होरपळीतून गेलेल्या माणसाने ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक लिहिले. पोप पॉल तिसरे यांनी १५४८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत आणि पहिली आहे आभार मानण्याची. मिळालेल्या कृपेबद्दल देवाचे आभार, मग आपले दोष दिसावेत म्हणून त्याच्याकडेच मागणे. त्यानंतर सकाळी उठल्यापासूनचा दिवस तासातासाने तपासायचा: विचार, बोलणे, वागणे. शेवटी क्षमायाचना आणि सुधारण्याचा निश्चय. मला हा क्रमच मोलाचा वाटतो. आभाराने सुरुवात करणारा माणूस स्वतःचा न्यायाधीश होऊन बसत नाही. आपल्यावर प्रेम करणाऱ्यासमोर तो उभा राहतो. स्तोत्रसंहितेच्या १३९व्या स्तोत्रातही भक्त स्वतःला तपासत नाही, देवालाच तपासायला सांगतो.

एकाच दोषाच्या मागे लागायचे असेल, तर इग्नेशियसने आणखी बारीक रीत दिली आहे. समजा, राग. सकाळी उठताच सावध राहण्याचे ठरवायचे. दिवसा चूक घडली की छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके कागदावरच्या रेघांवर मांडायचे. दर दिवसाला दोन रेघा. मग दुपारची रात्रीशी, आजची कालशी, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करायची. वाढ मोजायची ती स्वतःच्याच कालच्या दिवसाशी, शेजाऱ्याशी नाही.

१५४२ मध्ये गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर हे इग्नेशियसचे सोबती, आणि ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे थॉमस स्टीफन्स हे इग्नेशियसने स्थापलेल्या येशूसंघाचे (जेझुइट). आपल्याकडच्या येशूसंघीयांच्या दिनक्रमात हे परीक्षण आजही आहे, आणि त्यासाठी संन्यासी असावे लागत नाही. झोपण्यापूर्वीची पंधरा मिनिटे पुरतात.

मात्र ज्यांचे मन आधीच स्वतःला सतत बोचत असते, त्यांनी ठिपक्यांची वही एकट्याने सुरू करू नये. आधी आपल्या धर्मगुरूंशी किंवा पाळकांशी मोकळेपणी बोलावे. मान्रेसात इग्नेशियसलाही उपास मोडायला दुसऱ्या कुणीतरी सांगावे लागले होते.