ड्रोनला छप्पर दिसते, मालक दिसत नाही! गावठाणाची हवाई मोजणी नेमकी कशी होते?

घनसावंगी : शेताचा सातबारा आहे, गट क्रमांक आहे, बांध कुठून कुठे जातो हेही पाठ आहे. पण ज्या घरात तीन पिढ्या वाढल्या त्याचा कागद मागितला, की पुढे येते ती ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती. घनसावंगी तालुक्यातच नव्हे, मराठवाड्यातल्या असंख्य गावठाणांत हीच स्थिती राहिली आहे. हा प्रश्न सोडवण्यासाठी आता आकाशातून फोटो घेऊन गावठाण मोजले जाते. हे फोटो कसे काढतात, त्यावरून घराची हद्द कशी ठरते आणि चूक झाली तर काय करायचे, हे समजून घेऊ.

गावठाणाचा नकाशा का नव्हता?

जुन्या काळी जमीन मोजली गेली ती प्रामुख्याने सारा वसूल करण्यासाठी. सारा शेतीवर होता, म्हणून शेते मोजली गेली. गावठाणाभोवती एक हद्द आखली आणि आतली घरे, वाडे, गोठे, बोळ तसेच सोडून दिले. पुढे मोठ्या गावांत नगर भूमापन झाले, पण लहान गावे मागे राहिली.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कोण भरतो हे त्यावरून कळते, पण मालकी सिद्ध होत नाही. म्हणूनच घर तारण ठेवून कर्ज काढताना, विक्री किंवा वाटणी करताना अडचण येते.

२४ एप्रिल २०२० रोजी, राष्ट्रीय पंचायतराज दिनी, केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. त्याआधीच पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला होता. ११ ऑक्टोबर २०२० रोजी सहा राज्यांतल्या ७६३ गावांसाठी मिळकत पत्रिकांचे वाटप सुरू झाले, त्यात महाराष्ट्रातली १०० गावे होती. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभरात एकाच दिवशी ६५ लाखांहून अधिक पत्रिका वाटण्यात आल्या.

विमान, उपग्रह की ड्रोन?

नकाशासाठी हवाई फोटो काढणे नवे नाही. ड्रोन येण्याआधी हे काम लहान विमानातून होई. विमानाच्या तळाला भोक पाडून त्यात खाली तोंड केलेला मोठा कॅमेरा बसवत. त्याची एकेक निगेटिव्ह २३ सेंटीमीटर लांब-रुंद असे. शेतात नांगर जसा तासामागून तास धरतो, तसे विमान सरळ रेषेत जाऊन परत फिरे. लागोपाठच्या दोन फोटोंत सुमारे ६० टक्के भाग सारखा ठेवला जाई. कारण एकच जागा दोन ठिकाणांहून दिसली, की तिची उंची काढता येते. आपल्या दोन डोळ्यांमुळे आपल्याला अंतर कळते, तसेच हे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडेही अशा कामासाठी लहान विमाने आहेत.

जिल्ह्याचा, धरणाचा किंवा नदीखोऱ्याचा नकाशा करायचा तर विमान सोयीचे. पण शंभर-दोनशे घरांच्या गावठाणासाठी विमानाला धावपट्टी, इंधन, वैमानिक आणि परवानगी हा सगळा खटाटोप महाग पडतो.

मग उपग्रह का नको? २०१९ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-३ उपग्रहाच्या फोटोतला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे २५ सेंटीमीटरचा असतो. नऊ इंची भिंत साधारण २३ सेंटीमीटरची, म्हणजे अख्खी भिंत एका ठिपक्यात जाते. ड्रोन सुमारे १२० मीटर उंचीवरून उडतो आणि त्याच्या फोटोतला ठिपका ५ सेंटीमीटरच्या आसपास असतो. तीच भिंत तिथे चार-पाच ठिपक्यांची दिसते. दोन शेजाऱ्यांच्या घरांमधली हद्द आखायची तर एवढा बारकावा लागतोच.

काम कोणत्या क्रमाने चालते?

१. चुना मारणे : ड्रोन येण्याआधी गावात सूचना दिली जाते. प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारायची असते. वरून हीच पांढरी रेघ दिसते.

२. उड्डाण : भारतीय सर्वेक्षण विभागाचे पथक ड्रोन उडवते. फोटो एकमेकांवर भरपूर चढतील असा मार्ग आधीच आखलेला असतो. जमिनीवरच्या स्थिर केंद्रांकडून मिळणाऱ्या संकेतांमुळे प्रत्येक फोटोची जागा काही सेंटीमीटरपर्यंत अचूक कळते.

३. फोटो सरळ करणे : कोणत्याही हवाई फोटोत मध्यभागची घरे सरळ, तर कडेची घरे बाहेर कललेली दिसतात. संगणक हा कल काढून सगळे फोटो जोडतो आणि बरोबर डोक्यावरून पाहिल्यासारखे एक चित्र तयार होते.

४. नकाशा : या चित्रावरून १:५०० प्रमाणाचा नकाशा बनतो. म्हणजे नकाशावरचा १ सेंटीमीटर हा जमिनीवरचा ५ मीटर.

५. चौकशी : भूमी अभिलेख विभागाचे कर्मचारी नकाशा घेऊन गावात येतात, हद्दी पडताळतात, कागदपत्रे पाहतात आणि हरकती ऐकतात.

६. सनद आणि मिळकत पत्रिका : चौकशीनंतर धारकाचे नाव आणि क्षेत्र नोंदवले जाते.

ड्रोनला काय दिसत नाही?

सगळा पेच इथेच आहे. ड्रोनला छप्पर दिसते, भिंत दिसेलच असे नाही. पत्रे भिंतीच्या बाहेर दोन फूट आले असतील तर वरून घर तेवढे मोठे वाटते. लिंबाखाली झाकलेला कोपरा दिसत नाही. दोन भावांच्या घरांवर एकच सलग धाबे असेल तर वरून ते एकच घर. गोठ्यापुढची मोकळी जागा कोणाची, बोळ खासगी की सार्वजनिक, हे कोणताही कॅमेरा सांगू शकत नाही.

नकाशावरची रेघ १ मिलिमीटर सरकली तर जमिनीवर अर्धा मीटर सरकते. जुन्या गावठाणात बोळच चार-पाच फुटांचे असतात, तिथे अर्धा मीटर ही भांडणाला पुरेशी जागा आहे.

दुसरा प्रश्न नावाचा. घरपट्टी वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर चालू असते. चौकशीच्या दिवशी घरी जो हजर, त्याचेच नाव पुढे येते. पुण्या-मुंबईला कामाला गेलेला भाऊ, ऊसतोडीला बाहेर पडलेले कुटुंब, विधवा सून किंवा लग्न होऊन गेलेली बहीण यांचा हक्क फोटोत दिसत नाही. तो कोणीतरी बोलून दाखवावा लागतो.

घरमालकांनी काय करावे?

• चुना मारताना शेजाऱ्याला सोबत घ्या. वाद असेल तर तो तेव्हाच कळू द्या.
• नमुना ८ वरचे नाव आधी तपासा. वारसनोंद राहिली असेल तर करून घ्या.
• वाटणीपत्र, खरेदीखत, जुन्या पावत्या एकत्र ठेवा.
• बाहेरगावी असलेल्या हिस्सेदारांना चौकशीची तारीख कळवा.
• नकाशा दाखवला की क्षेत्र टेपने मोजून पाहा. फरक असेल तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.
• निर्णय मान्य नसेल तर वरिष्ठ भूमी अभिलेख अधिकाऱ्याकडे मुदतीत अपील करता येते. मालकीचा मूळ वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो.

ही योजना ग्रामीण गावठाणांसाठी आहे. घनसावंगी आणि तीर्थपुरी येथे आता नगरपंचायती आहेत. तिथल्या मिळकतधारकांनी आपली नोंद कोणत्या अभिलेखात आहे, याची चौकशी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात करावी.

ड्रोनचे उड्डाण काही मिनिटांचे असते, तर मिळकत पत्रिकेवरचे नाव पुढच्या पिढ्यांना पुरते. त्यामुळे ड्रोन पाहायला जेवढी गर्दी होते, तेवढीच चौकशीच्या दिवशीही व्हायला हवी.