आभासीकरण आणि मेघसंगणन : भंडारा जिल्ह्यातील व्यवसायनियोजनाच्या संदर्भात

व्यवसायसंस्थांच्या संगणकविषयक नियोजनात 'आभासीकरण' म्हणजे व्हर्च्युअलायझेशन आणि 'मेघसंगणन' म्हणजे क्लाउड कॉम्प्युटिंग ह्या दोन संज्ञा बहुधा जोडीने, आणि पुष्कळदा एकमेकींच्या जागी, वापरल्या जातात. ह्या गोंधळाचे परिणाम केवळ शाब्दिक राहत नाहीत. एखादी संस्था स्वतःच्याच खोलीतील एका यंत्रावर पाच आभासी यंत्रे मांडते आणि आता आपले दप्तर 'क्लाउडवर' सुरक्षित झाले असे समजते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराचे पाणी भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत शिरले. अशा प्रसंगी ती खोली पाण्याखाली गेल्यास पाचही आभासी यंत्रे एकाच वेळी नष्ट होतात. उलटपक्षी, दुसरी एखादी संस्था दूरच्या केंद्रातील यंत्रे भाड्याने घेते, परंतु हंगाम संपल्यावर ती परत करावयाची असतात हे ध्यानात न घेतल्याने बारा महिने हंगामाचेच भाडे भरीत राहते. पहिल्या संस्थेने आभासीकरणाकडून मेघाचे गुण अपेक्षिले. दुसरीने मेघ घेऊन त्याचा उपयोग केवळ आभासी यंत्रासारखा केला. ह्या दोन कल्पनांचा परस्परसंबंध निश्चित करणे व त्यावरून नियोजनाची काही सूत्रे काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आभासीकरणाचे स्वरूप

आभासीकरण ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या विज्ञानकेंद्रात १९६४ नंतरच्या काळात सीपी-४० ही प्रणाली सिद्ध झाली. एका मोठ्या संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, आणि प्रत्येकाला मात्र संपूर्ण संगणक आपल्याच हाती असल्याचा प्रत्यय यावा, असा त्या प्रणालीचा हेतू होता. तिच्याच परंपरेतील व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये व्यापारी स्वरूपात आली. १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग ह्या दोन अभ्यासकांनी ह्या कल्पनेला शास्त्रीय रूप दिले. आभासी यंत्रावर आज्ञावली जशी चालेल तशीच ती मूळ यंत्रावर चालली पाहिजे. यंत्राच्या सर्व साधनांवर नियंत्रक आज्ञावलीचा पूर्ण ताबा असला पाहिजे. आणि बहुतांश आज्ञा नियंत्रकाच्या मध्यस्थीविना थेट यंत्रावर चालून वेग टिकला पाहिजे, अशा त्या विवेचनातील तीन अपेक्षा होत. ह्या नियंत्रक आज्ञावलीसच आज 'हायपरव्हायजर' म्हणतात.

पुढे स्वस्त लहान संगणकांचा प्रसार झाला, तेव्हा एका यंत्राचे विभाजन करण्याची निकड काही काळ मागे पडली. तथापि प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर विकत घेण्याची प्रथा पडल्यामुळे कार्यालयांत यंत्रे वाढत गेली आणि त्यांपैकी बहुतेक दिवसाचा पुष्कळसा काळ रिकामी राहू लागली. ह्या परिस्थितीत जुनी कल्पना पुन्हा उपयोगास आली. व्हीएमवेअर ही कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये झेन प्रसिद्ध झाले. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये आपल्या प्रक्रियकांतच आभासीकरणास साहाय्य करणाऱ्या सोयी अंतर्भूत केल्या. आणि २००७ मध्ये केव्हीएम हा भाग लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला.

ह्या सर्व विकासाचे सार एका वाक्यात सांगता येईल : आभासीकरण हे यंत्र आणि काम ह्यांमधील कायमची गाठ सोडविण्याचे तंत्र होय. काम आता यंत्राला जखडलेले राहत नाही. त्याची संपूर्ण स्थिती एका संचिकेसारखी जतन करता येते, तिची प्रत काढता येते आणि ती दुसऱ्या यंत्रावर हलविता येते.

मेघसंगणनाचे स्वरूप

संगणनशक्ती ही वीज वा दूरध्वनी ह्यांसारखी सार्वजनिक सेवा म्हणून पुरविता येईल, असा विचार जॉन मॅकार्थी ह्यांनी १९६१ मध्येच मांडला होता. तो मोठ्या प्रमाणावर व्यवहारात येण्यास २००६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अ‍ॅमेझॉनने प्रथम साठवणुकीची आणि नंतर आभासी यंत्रे तासाच्या हिशोबाने भाड्याने देण्याची सेवा सुरू केली. ही आभासी यंत्रे झेन ह्या हायपरव्हायजरवर आधारलेली होती, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेने २०११ मध्ये केलेली मेघसंगणनाची व्याख्या आज सर्वसामान्यपणे स्वीकारली जाते. तीत पाच लक्षणे सांगितली आहेत. ग्राहकाला मानवी मध्यस्थाविना हवे तेव्हा साधन घेता यावे. ते जाळ्यावरून सर्वत्र उपलब्ध असावे. पुरवठादाराची साधने अनेक ग्राहकांसाठी एकत्रित साठ्याच्या रूपाने असावीत. मागणीनुसार ती त्वरेने वाढावीत व घटावीत. आणि वापराचे मोजमाप व्हावे. ह्या पाचांपैकी एकही लक्षण विशिष्ट यंत्ररचनेचे वर्णन करीत नाही. ती सर्व पुरवठ्याच्या व व्यवहाराच्या रीतीविषयी आहेत. मेघसंगणन ही मूलतः सेवेची पद्धती आहे, तर आभासीकरण हे तंत्र आहे. दोहोंमधील पहिला आणि मुख्य भेद हाच.

परस्परसंबंध

भंडारा जिल्ह्याच्या वाचकास हा संबंध तलावांच्या उदाहरणाने चांगला उलगडेल. हा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. कोहळी समाजाने कौशल्याने बांधलेल्या येथील तलावांचे पाणी पाटांनी धानाच्या अनेक बांध्यांना वाटून दिले जाई. तलाव एक, पण प्रत्येक बांधीला तिचा वाटा स्वतंत्रपणे मिळावा, ही जी वाटणीची कला, तिच्याशी आभासीकरणाची तुलना करता येईल. ह्याच जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द प्रकल्प उभा राहिला. त्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. मोठ्या साठ्यातून कालव्याने दूरवर पाणी पोहोचविणे, मागणी नोंदविणे, मोजणे आणि आकारणी करणे ही व्यवस्था मेघसंगणनाच्या जवळची आहे. वाटणीची कला अवगत नसेल तर कालव्याची व्यवस्था चालणार नाही. परंतु वाटणीची कला अवगत आहे एवढ्याने गावचा तलाव कालवा होत नाही.

उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तलावात आज न वापरलेले पाणी उद्या उपयोगी पडते. यंत्राचा न वापरलेला तास मात्र कायमचा वाया जातो. म्हणूनच पुरवठादार ज्यांच्या गरजा वेगवेगळ्या वेळी उद्भवतात असे असंख्य ग्राहक एकत्र करतो. मेघसेवेचे अर्थशास्त्र ह्या विविधतेवर उभे आहे.

तर्कदृष्ट्या पाहता आभासीकरण ही मेघसंगणनाची पुरेशी अटही नाही आणि अपरिहार्य अटही नाही. पुरेशी नाही, कारण आभासी यंत्रे असूनही स्वयंसेवा, मोजमाप व लवचिकता नसू शकतात. अपरिहार्य नाही, कारण काही पुरवठादार संपूर्ण भौतिक यंत्रेच तासावर देतात, आणि तयार आज्ञावलीची सेवा पुरविताना अनेक ग्राहकांचे विभाजन आज्ञावलीच्या पातळीवरही करता येते. तरीही व्यवहारात मेघसेवांचा फार मोठा भाग आभासीकरणावर आधारलेला आहे. किंबहुना, ज्या संस्थेने आपली कामे यंत्रापासून आधीच सोडवून घेतली आहेत, तिला मेघाकडे जाणे आणि प्रसंगी तेथून परत येणे हे दोन्ही सुकर होते.

नियोजनाचे गणित

भंडारा जिल्ह्याची अर्थव्यवस्था बव्हंशी धानाभोवती फिरते, आणि धानाचा व्यवहार हंगामी आहे. समजा, एखाद्या धानगिरणीच्या व्यवसायास वर्षातील तीन महिने संगणनशक्तीचे आठ एकक लागतात व उरलेले नऊ महिने दोनच एकक पुरतात. सरासरी गरज साडेतीन एककांची झाली. स्वतःची यंत्रे घ्यावयाची तर कमाल गरजेएवढी, म्हणजे आठ एककांची, घ्यावी लागतील. स्वतःच्या एका एककाचा वर्षाचा खर्च एक मानू, आणि भाड्याचा दर त्याच्या दुप्पट धरू. सर्व काम मेघावर नेल्यास खर्च सात येईल. तो आठांहून कमी आहे. दर तिप्पट असेल तर मात्र खर्च साडेदहा येईल, आणि स्वतःची यंत्रेच स्वस्त ठरतील. ह्यावरून असे सूत्र निघते : कमाल गरजेचे सरासरी गरजेशी असलेले प्रमाण हे भाड्याच्या व मालकीच्या दरांमधील प्रमाणाहून अधिक असेल, तरच संपूर्ण मेघाश्रय किफायतशीर ठरतो.

तिसरा मार्गही आहे. बारमाही दोन एकक स्वतःचे ठेवावे आणि हंगामातील वाढीव सहा एकक तीन महिन्यांपुरते भाड्याने घ्यावे. भाड्याचा दर तिप्पट धरला तरी एकूण खर्च साडेसहा येतो, म्हणजे वरील दोन्ही मार्गांहून कमी. परंतु ह्यासाठी तेच काम आज स्वतःच्या यंत्रावर व उद्या भाड्याच्या यंत्रावर चालू शकले पाहिजे; आणि हे आभासीकरणाविना दुष्कर आहे. नियोजनात दोन्ही कल्पनांची खरी सांगड पडते ती येथे.

ह्या गणितात मालकीचा खर्च प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. यंत्राच्या किमतीबरोबर वीज, जनित्र, जाणकार माणसाचे वेतन आणि एक यंत्र बंद पडल्यास दुसऱ्याने भार उचलावा एवढी राखीव शक्ती हे सर्व त्यात येते. परवान्यांचेही तसेच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि त्यानंतरच्या महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून मुदतीची वर्गणी लागू केली. यंत्र स्वतःचे असले तरी त्यावरील नियंत्रक भाड्याचा असू शकतो, हा त्या घटनेचा बोध होय.

खर्चाखेरीज स्थानाचाही विचार आवश्यक आहे. गिरणीच्या वजनकाट्यावर गाड्यांची रांग उभी असता जाळे खंडित झाले म्हणून काम थांबवता येत नाही. वजनाची नोंद जागच्या जागीच झाली पाहिजे. हिशेब, करविवरणे व राखीव प्रती मात्र दूरच्या केंद्रात ठेवणे हितावह असते. सगळेच इथे किंवा सगळेच तिथे, असा प्रश्न घालणेच मुळी चुकीचे आहे. कायद्याचे बंधनही ध्यानात ठेवले पाहिजे : २०२२ च्या सुधारित नियमांनुसार, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना त्यांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवावी लागते.

सहकारी संस्थांचे उदाहरण

ह्या विवेचनास सहकारी क्षेत्रातील उदाहरण उद्बोधक आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. महाराष्ट्रात ह्या संस्था बहुधा विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था म्हणून ओळखल्या जातात. ह्या योजनेत सर्व संस्थांसाठी मेघाधारित अशी एकच सामाईक आज्ञावली योजिलेली आहे. गावातील एखाद्या लहान संस्थेकडे एकच सचिव असतो. तिने सर्व्हर घ्यावा, त्याचे विभाजन करावे व त्याची निगा राखावी ही अपेक्षा अव्यवहार्य होय. अशा संस्थेच्या दृष्टीने आभासीकरण हा पुरवठादाराने पाहावयाचा विषय ठरतो. तिने पाहावयाचे ते सेवेच्या अटी, दप्तराची मालकी आणि सेवा बंद पडल्यास करावयाची पर्यायी व्यवस्था.

ही शेवटची बाब सैद्धान्तिक नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना तंत्रसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून ती कंपनी राष्ट्रीय देयक व्यवस्थेपासून काही काळ अलग करण्यात आली, आणि वृत्तसंस्थांच्या माहितीप्रमाणे सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या देयकसेवा त्यामुळे खंडित झाल्या. साधने एकत्र केल्याने खर्च वाटला जातो, त्याचप्रमाणे संकटही वाटले जाते.

निष्कर्ष

आभासीकरणाने 'काम कोणत्या यंत्रावर' हा प्रश्न गौण केला. मेघसंगणनाने 'यंत्र कोणाचे' हा प्रश्न गौण केला. 'जबाबदारी कोणाची' हा प्रश्न मात्र दोहोंपैकी एकानेही सुटत नाही. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली आणि गावोगावचे तलाव सरकारकडे गेले. हस्तांतर कागदोपत्री पूर्ण झाले. पण गाळ कोणी काढावा व पाळ कोणी दुरुस्त करावी ह्याची व्यवस्था तितकी नीट न लागल्याने अनेक तलावांची साठवणक्षमता घटत गेली. संगणकविषयक नियोजन करणाऱ्याने हा धडा स्मरणात ठेवावा. कामांची यादी करणे, प्रत्येकाची कमाल व सरासरी गरज मोजणे, जाळे तुटल्यास कोणते काम किती वेळ थांबू शकेल हे ठरविणे, आणि राखीव प्रतीवरून दप्तर खरोखरच परत उभे राहते की नाही हे ठराविक काळाने पडताळणे, ह्या चार गोष्टी प्रथम कराव्यात. त्यानंतरच आभासी यंत्र की मेघसेवा हा निर्णय घ्यावा. आणि तेव्हा तो बहुधा 'ह्यातील एक' असा नसून 'दोहोंचे योग्य प्रमाण' असाच निघतो.