वेब होस्टिंग : जाहिरातीतले शब्द आणि करारातली कलमे

डोमेन विकत घेतले की वेबसाइट सुरू होते, हा होस्टिंगविषयीचा अगदी पहिल्या पायरीवरचा गैरसमज. डोमेन हा नुसता पत्ता. वेबसाइटच्या फायली आणि डेटाबेस ज्या सर्व्हरवर राहतात, तिथली भाड्याची जागा म्हणजे होस्टिंग. दोन्ही एकाच कंपनीकडून घ्यावे लागत नाही. वेगळे असले तर होस्टिंग बदलताना डीएनएसच्या, म्हणजे पत्ता कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा हे सांगणाऱ्या, नोंदी बदलून काम भागते. डोमेन मात्र मालकाच्या स्वतःच्या खात्यात असावे. वेबसाइट बनवून देणाऱ्याने ते आपल्या नावावर घेतले आणि पुढे बिनसले, तर पत्ताच हातचा जातो.

सर्वाधिक फसगत ‘अनलिमिटेड’ या शब्दाने होते. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेकदा शेकडो वेबसाइट नांदतात आणि त्या सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क मोजकीच असते. खरी मर्यादा वापराच्या अटींत सापडते : फायलींची कमाल संख्या, प्रोसेसरचा वापर, एका वेळी चालणाऱ्या प्रक्रिया. वर्डप्रेसच्या साध्या साइटमध्येही प्लगिन आणि प्रत्येक छायाचित्राच्या वेगवेगळ्या आकारांतल्या प्रती धरून हजारो फायली साठतात. त्यामुळे डिस्कवर जागा शिल्लक असतानाही खाते अडू शकते.

‘९९.९ टक्के अपटाइम’ ऐकायला भक्कम वाटते, पण उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाला जवळपास पावणेनऊ तास साइट बंद. आधी जाहीर केलेली देखभाल बहुधा या हिशेबात धरत नाहीत. हमी मोडलीच, तर भाड्यातली काही रक्कम पुढच्या बिलात वळती होते. बुडालेल्या धंद्याची भरपाई सहसा मिळत नाही.

बॅकअप कंपनी घेतेच, हा समज सर्वांत महाग पडतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएचक्लाउड या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र होती ते सावरले. ज्यांची नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. काहींचा बॅकअपही त्याच आवारात होता. एक प्रत होस्टिंग कंपनीच्या बाहेर हवी, आणि ती अधूनमधून परत चढवून पाहिलेली हवी. न तपासलेल्या बॅकअपचा भरवसा धरता येत नाही.

महाग प्लॅन घेतला की साइट वेगवान होते, हे अर्धसत्य आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तरी मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला साधारण ०.२ सेकंद लागतो, आणि एक पान उघडताना अशा कित्येक फेऱ्या होतात. वाचक महाराष्ट्रात असतील तर मुंबईतला सर्व्हर सोयीचा. पण मुखपृष्ठावर पाच-पाच एमबीची छायाचित्रे असतील, तर सर्व्हर शेजारच्या गल्लीत आणूनही पान रेंगाळणारच.

साइट आणि वाचक यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी पैसे मोजावेच लागतात, हेही आता खरे नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा ते फुकट देते आणि साध्या साइटला तेवढे पुरते.

राहिला दर. जाहिरातीतला आकडा बहुधा पहिल्या मुदतीपुरता, तोही दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर. नूतनीकरणाचा दर त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो आणि भारतात त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन कंपन्यांची तुलना करायची तर ती नूतनीकरणाच्या दरावरच करावी.