श्रेय देणे हा उपकार नव्हे!

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे चांदीचे गाव. येथील पैंजण एका हाताने होत नाही. कोणी चांदी आटवतो, कोणी तार ओढतो, कोणी कड्या जोडतो, कोणी घुंगरू लावतो. दागिन्यावर शुद्धतेचा शिक्का बसतो, पेढीचे नाव झळकते. जोडकाम करणाऱ्या बाईचे नाव मात्र कुठेच नसते. श्रम अनेकांचे आणि नाव एकाचे, हीच या व्यवस्थेची जुनी रीत आहे!

लिखाणातही हाच प्रश्न आहे. संगणकाच्या मुक्त प्रणालींची माहितीपुस्तके अनेक स्वयंसेवक मिळून लिहितात. विकिपीडियावर कोणी कोणता बदल केला याची नोंद प्रत्येक पानाच्या इतिहासात राहते. पण असे लिखाण पुस्तकरूपाने निघते तेव्हा नाव कोणाचे? जास्त मजकूर लिहिणाऱ्याचे, की चुका दुरुस्त करणाऱ्याचेही?

उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी सल्लागार बी. एन. राव, १४१ दिवस बसलेली मसुदा समिती आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचे श्रेय नावानिशी सांगितले. मनुवादी मंडळी या मोठेपणाचा गैरफायदा घेऊन, 'मग आंबेडकरांनी काय केले?' असे विचारतात. त्यांनी टी. टी. कृष्णम्माचारी यांचे ५ नोव्हेंबर १९४८ चे भाषण वाचावे. मसुद्याचा भार अखेर एकट्या बाबासाहेबांवरच पडला, हे त्यांनी सभागृहातच सांगितले होते. इतरांची नावे घेतल्याने बाबासाहेब लहान झाले नाहीत.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी टंकलेखन करणारे नानकचंद रत्तू व प्रकाशचंद आणि मुद्रिते तपासणारे म. भि. चिटणीस यांचेही आभार मानले. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावनाच नव्हती! पुढे भगवान दास यांनी ती १९८० साली प्रकाशात आणली. एक पान गळाले की किती जणांचे श्रम गडप होतात, याचा हा धडा आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. जयंतीची स्मरणिका असो, शाहिरांच्या गीतांचा संग्रह असो की संगणकाची माहितीपुस्तिका, काम सुरू होतानाच नोंदवही ठेवा. लिहिले कोणी, टंकन कोणी केले, तपासले कोणी, आठवण सांगितली कोणी, ते कामासह लिहा. ज्याला नाव नको असेल त्याची इच्छा पाळा. पण 'मंडळातर्फे' असे लिहून सर्वांना एका शब्दात बुडवू नका, आणि अध्यक्षाच्या फोटोखाली कार्यकर्त्याचे श्रम गाडू नका.

ज्या समाजाची नावे हजारो वर्षे पुसली गेली, त्याने तरी दुसऱ्याचे नाव पुसू नये. जयभीम!